इंग्रजी शब्दांचे गणगोत

मराठीचा प्राध्यापक इंग्रजी शब्दसंपत्तीवर लेख लिहितो आहे म्हटल्यावर वाचकांच्या भुवया उंचावतील, हे मी जाणून आहे. आमच्या घरातच त्या प्रथम उंचावल्या. "अहो, तुम्ही मराठीचे ना? मग दिवाळी अंकात इंग्रजीचे फटाके कशाला?" हा प्रश्न सकाळच्या चहाबरोबरच माझ्यापुढे ठेवण्यात आला. चहा मी संपविला. प्रश्नाचे उत्तर मात्र दोन घोटांत देता येण्याजोगे नव्हते. ते येथे देतो.

गोष्ट गेल्या वैशाखातली. तृतीय वर्षाची एक विद्यार्थिनी भर दुपारी घरी आली. खेड्यातून आलेली, मराठी माध्यमात शिकलेली, वर्गात पहिल्या बाकावर बसून शब्द न् शब्द टिपून घेणारी अशी ही मुलगी. परगावच्या एका विद्यापीठात एम. ए. ला प्रवेश आणि त्याबरोबर शिष्यवृत्ती, असा योग जुळून येत होता. अर्ज मात्र इंग्रजीत करावयाचा होता आणि पुढची मुलाखतही इंग्रजीतच व्हावयाची होती. घरच्यांचा हिशेब सरळ होता. शिष्यवृत्ती मिळाली तर पुढचे शिक्षण. नाहीतर सांगून आलेल्या स्थळांपैकी एकाला होकार.

"सर, एकदा नजर टाकता का?" असे म्हणून तिने कागद पुढे केला. मी वाचू लागलो. अर्ज अवघड शब्दांनी नटला होता. लग्नघरातल्या करवलीने घरातले सगळे दागिने एकाच वेळी अंगावर घालावेत तसा. आणि तिसऱ्याच ओळीत तिने आपल्या गावच्या गुरुजींविषयी कृतज्ञतेने लिहिले होते की, ह्या 'नोटोरियस' शिक्षकांमुळेच मी इथवर पोहोचले!

मला हसू आले आणि ते लपविता आले नाही. "अगं, नोटोरियस म्हणजे कुप्रसिद्ध! दरोडेखोराला लावतात तो शब्द."

तिचा चेहरा पाहिला आणि माझे हसू जागच्या जागी विरले. ज्या गुरुजींनी तिच्या दहावीच्या परीक्षेची फी स्वतःच्या खिशातून भरली होती, त्यांनाच तिने हे विशेषण बहाल केले होते. तिने पिशवीतून एक चोपडी काढली. पदपथावर विकत घेतलेली, एक हजार अवघड शब्दांची. त्यांतले चारशे शब्द तिने मुखोद्गत केले होते. 'नोटोरियस'पुढे अर्थ छापला होता, 'सर्वांना माहीत असलेला'. आता तिची चूक म्हणावी कशी?

आणि हसण्याचा अधिकार तरी मला कोठे होता? नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका समारंभात पाहुण्यांसमोर मी आमच्या प्राचार्यांचा परिचय इंग्रजीतून करून दिला होता आणि त्यांना मोठ्या आदराने 'ऑफिशस' म्हटले होते. कर्तव्यदक्ष, कार्यालयीन शिस्तीचे, असे काहीसे माझ्या मनात होते. ऑफिशस म्हणजे नको तेथे नाक खुपसणारा, हे मला सभागृहातल्या हशाने शिकविले. त्यानंतर बारा वर्षे मी चारचौघांत इंग्रजी बोललो नाही. पुढे एकदा कळले की, सॅम्युएल जॉन्सनच्या १७५५ च्या कोशात ह्या शब्दाला 'उपकारशील' असा चांगला अर्थही आहे. म्हणजे मी चुकलो नव्हतो. फक्त अडीचशे वर्षे उशिरा पोहोचलो होतो!

त्या दुपारी मुलीला मी एवढेच म्हणालो, "मला इंग्रजी फारसे येत नाही. पण शब्द कसे राहतात, कसे वागतात, हे मला थोडे ठाऊक आहे. बस."

शब्द एकटा राहत नाही

आपण परक्या भाषेचे शब्द पाठ करतो ते किराणा मालाच्या यादीसारखे. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ. पण शब्द हा संसारी प्राणी आहे. त्याला आजोळ असते, भाऊबंद असतात, शेजारपाजार असतो. नव्या सुनेला घरातल्या पंचवीस माणसांची नावे पहिल्या दिवशी पाठ होत नाहीत. पण हे थोरले दीर, ह्या त्यांच्या आत्याबाई, असे नाते कळले की, आठवड्याभरात घर ओळखीचे होते. शब्दांचेही तसेच आहे.

आणि इंग्रजी शब्दांचे नाते सांगण्यास मराठी-संस्कृतचा मास्तर अगदीच अपात्र नाही. १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे भाषण करताना तेथील सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश सर विल्यम जोन्स ह्यांनी सांगितले की, संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन ह्या भाषांतील साम्य केवळ योगायोगाचे असणे शक्य नाही. त्या एकाच मूळ भाषेच्या लेकी असल्या पाहिजेत, आणि ती आई कदाचित आता हयात नसेल. इंग्रजी हीदेखील ह्याच घराण्यातली, जर्मन शाखेची. शिवाय तिच्या कोशातले निम्म्याहून अधिक शब्द लॅटिनमधून किंवा फ्रेंचच्या वाटेने आलेले. म्हणजे आपले तिच्याशी दोन्हीकडून नाते!

'पद' घ्या. पद म्हणजे पाय. लॅटिनमध्ये त्याचे रूप 'पेड'. सायकलचे पेडल तेच. पायी चालणारा तो पेडेस्ट्रियन. पायांत अडथळा घालणे म्हणजे इंपीड; पाय मोकळे करून कामाला गती देणे म्हणजे एक्स्पिडाइट. ग्रीकमध्ये 'पोड' किंवा 'पूस'. फोटोग्राफरचा ट्रायपॉड हा आपला त्रिपाद, आणि ऑक्टोपस म्हणजे अक्षरशः अष्टपाद! आपला पायजमा फारसीतून आला. त्यातला 'पाय'ही ह्याच कुळातला. तो इंग्रजांनी येथून उचलून नेला आणि अंगात घालून झोपले.

'दन्त' घ्या. डेंटिस्ट तर सर्वांच्या परिचयाचा, खिशाच्या तर अधिकच. पण सरकारी कचेरीतले 'इंडेंट' कोठून आले? जुन्या काळी करारनाम्याच्या दोन प्रती एकाच कागदावर लिहीत आणि मधोमध दात्यांसारख्या नागमोडी रेषेत कापीत. पुढे वाद झाला तर दाते जुळवून पाहावेत म्हणून. ती इंडेंचर. ह्याच इंडेंचरवर आपली गरीब माणसे साता समुद्रांपलीकडच्या उसाच्या मळ्यांत गेली आणि त्या ॲग्रीमेंटला 'गिरमिट' म्हणू लागली. एका शब्दाच्या दातांत केवढा इतिहास अडकलेला असतो पहा!

'ज्ञा' हा धातू तर कामधेनूच आहे. कॉग्निशन म्हणजे ज्ञानव्यापार, रेकग्नाइज म्हणजे पुन्हा जाणणे, म्हणजेच ओळखणे. टी. एच. हक्सले ह्यांनी १८६९ साली घडविलेला 'अग्नॉस्टिक' म्हणजे अज्ञेयवादी. आरंभीचा 'अ' आपल्या 'अज्ञान'मधल्या 'अ'सारखाच नकाराचा. ह्याच नकाराने आणि 'नाम' ह्या शब्दाच्या ग्रीक भावाने मिळून 'अनॉनिमस' बनला, आपला अनामिक. डॉक्टर पुढचे भाकीत सांगतात ते प्रोग्नॉसिस. 'प्र' अधिक 'ज्ञा'. आपण त्याच दोन तुकड्यांची 'प्रज्ञा' केली.

'स्था'पासून स्टेशन, स्टेबल, स्टेटस. आणि 'सर्कमस्टन्स' हा भारदस्त शब्द फोडून पहा. सर्कम म्हणजे सभोवती, अर्थात 'परि'. स्टन्स म्हणजे 'स्थिती'. परिस्थिती! तुकड्याला तुकडा जुळतो.

हे ऐकून माझी विद्यार्थिनी म्हणाली, "सर, मग इंग्रजी 'नो' आणि 'नी' म्हणजे गुडघा, ह्यांच्या आरंभी तो न बोलणारा 'के' कशाला लिहितात?"

प्रश्न नेमका होता. जर्मन पंडित याकोब ग्रिम ह्यांनी १८२२ साली एक नियम मांडला. मूळ भाषेतला 'प' जर्मन शाखेत 'फ' झाला. म्हणून पितृ तेथे फादर आणि पद तेथे फुट. 'द'चा 'ट' झाला. म्हणून दन्त तेथे टूथ आणि दश तेथे टेन. आणि 'ग'चा 'क' झाला. हाच मूळचा 'ग' आमच्याकडे कित्येक शब्दांत 'ज' होऊन बसला. तेव्हा 'ज्ञा' आणि 'जानु' ह्यांच्या आरंभी जो आपला 'ज' आहे, तोच इंग्रजीच्या दारात मुका होऊन 'के'च्या रूपाने उभा आहे. पूर्वी तो बोलत असे. आता केवळ वडिलोपार्जित पाटीवर त्याचे नाव राहिले आहे.

ती 'के'चे स्पेलिंग पुन्हा चुकणार नाही, अशी माझी खात्री आहे.

तीन मजली घर

पण नाते कळले म्हणजे वागणूक कळली असे नव्हे. इंग्रजी हे तीन मजल्यांचे घर आहे. तळमजल्यावर मूळचे जर्मन कुळीचे रहिवासी. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले, तेव्हा मधल्या मजल्यावर फ्रेंच शब्द राहावयास आले. आणि शास्त्री-पंडितांनी वरच्या मजल्यावर थेट लॅटिन आणि ग्रीक शब्दांची सोय केली. म्हणून राजा 'किंग', त्याचे घराणे 'रॉयल' आणि त्याचा थाट 'रीगल'. विचारणे ते 'आस्क', प्रश्न करणे ते 'क्वेश्चन' आणि पोलीस करतात ते 'इंटरॉगेट'.

गाय गोठ्यात असते तोवर तळमजल्यावरची 'काउ' आणि ताटात आली की फ्रेंच 'बीफ'. कळपातली मेंढी 'शीप' आणि तिचे मांस 'मटन'. गुरे राखणारे इंग्रजी बोलत आणि खाणारे फ्रेंच, असे त्याचे कारण सांगतात. भाषेत वर्गभेद असा मुरलेला असतो.

आपल्याला हे नवे नाही. आपण पाणी पितो, काशीहून गंगाजल आणतो आणि संध्येत उदक सोडतो. उन्हातून आलेला पाहुणा घाम पुसत "वहिनी, जरा उदक देता का?" असे म्हणाला, तर वहिनी घाबरून आत जातील! इंग्रजी शब्दसंपत्ती वाढविणारे नेमके हेच करतात. तळमजल्यावर भागणाऱ्या कामासाठी ते उगाच तिसऱ्या मजल्यावर चढतात. उच्च शब्दसंपत्ती म्हणजे नेहमी अवघड शब्द वापरणे नव्हे. कोणत्या कामाला कोणत्या मजल्यावरचा शब्द बोलवावा, हे कळणे.

शब्दाच्या शेजाऱ्यांचेही असेच. चहा आपल्याकडे कडक असतो आणि पाऊस मुसळधार. इंग्रजीत चहा 'स्ट्राँग' आणि पाऊस 'हेवी'. 'पॉवरफुल' म्हणजेही बलवानच. पण तो चहाच्या कपाजवळ बसत नाही. शपथ घ्यावी, पैज लावावी, मार खावा. ह्यांत अदलाबदल चालत नाही. शब्द टिपावा तो त्याच्या जोडीदारासकट. कॅप्टन मोल्सवर्थ ह्यांनी आपल्या भाषेचा कोश रचला. १८३१ साली पहिली आवृत्ती निघाली आणि १८५७ साली दुसरी. तो कोश आजही का वाचावासा वाटतो? शब्दाबरोबर त्यांनी म्हणी घेतल्या, वाक्प्रचार घेतले, लोक तो शब्द कोठे आणि कसा योजतात ते टिपले. मराठी शिकणाऱ्या साहेबाने केले, ते इंग्रजी शिकणाऱ्या मराठी माणसाने का करू नये?

नावात साम्य, नात्यात नाही

येथे एक धोक्याचा कंदील लावून ठेवतो. कानाला सारखे वाटले की, नाते आहेच असे समजू नये. 'डे' आणि 'दिवस' ही सख्खी भावंडे वाटतात. पण त्यांचा काडीचा संबंध नाही. दिवसाचा खरा भाऊबंद लॅटिन 'दिएस', आणि त्याची मुलगी आपल्या टेबलावरची डायरी.

शिवाय नाते खरे असले, तरी स्वभाव बदलतो. 'नाइस' ह्या शब्दाचे लॅटिन मूळ 'न जाणणारा' असे आहे. मूर्ख म्हणून जन्मलेला तो शब्द शतकानुशतके फिरत आज 'छान' होऊन बसला आहे. हसू नका, आपल्या घरीही हेच आहे. संस्कृतात 'राग' म्हणजे अनुराग, प्रेम. मराठीत त्याचाच संताप झाला. तिकडे 'शिक्षा' म्हणजे शिकविणे, इकडे छडी. धर्मशास्त्रात 'साहस' हा बळजबरीचा गुन्हा. आपण साहसाबद्दल मुलांना बक्षीस देतो. म्हणून मूळ हे आठवणीची खुंटी म्हणून वापरावे; अर्थाचा अंतिम निवाडा मात्र आजच्या चांगल्या कोशाने आणि आजच्या वाक्यानेच करावा. 'नोटोरियस'च्या मुळाशीही 'माहीत असलेला' एवढेच आहे; चोपडी अगदीच खोटे बोलत नव्हती. तिने फक्त शब्दाचे जन्मगाव सांगितले होते. पुढचे चारित्र्य सांगितले नव्हते.

लग्नपत्रिकांची पेटी

आता घरोघरी करता येण्याजोगा उपाय सांगतो.

पहिली गोष्ट, पाया तपासावा. मायकेल वेस्ट ह्यांनी, ज्यांची शिक्षक म्हणून बरीच वर्षे बंगालात गेली, १९५३ साली सुमारे दोन हजार नित्योपयोगी इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. सामान्य मजकुरातले शंभरांपैकी सुमारे ऐंशी शब्द त्या दोन हजारांतच सापडतात. पुढे न्यूझीलंडमध्ये ॲव्हरिल कॉक्सहेड ह्यांनी २००० साली विद्याभ्यासाच्या लेखनात वरचेवर येणाऱ्या ५७० शब्दकुटुंबांची यादी केली. शास्त्रीय मजकुराचा आणखी सुमारे दशांश भाग त्यांत येतो. महाविद्यालयात जाणाऱ्या मुलामुलींनी अप्रचलित शब्दांच्या हजारीमागे लागण्यापूर्वी ह्या दोन याद्या पक्क्या कराव्यात. मुळांवरून शब्द शिकण्यासाठी नॉर्मन लुइस ह्यांचे १९४९ चे 'वर्ड पॉवर मेड ईझी' अजूनही उपयोगी आहे आणि पदपथावरच्या ढिगाऱ्यांतही हाती लागते.

दुसरी गोष्ट, विस्मरण हा दोष मानू नये. हेर्मान एबिंगहाउस ह्या जर्मन शास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली दाखवून दिले की, पाठ केलेले प्रथम झपाट्याने आणि मग सावकाश विसरते. आणि एका बैठकीत घोकण्यापेक्षा अंतराअंतराने केलेली उजळणी अधिक टिकते. झेबास्टियान लाइटनर ह्यांनी १९७२ साली त्यावरून कार्डांच्या पेटीची युक्ती सांगितली. आमच्या घरी ती अशी केली आहे. बुटांचा रिकामा खोका, त्यात पुठ्ठ्याचे पाच कप्पे. कार्डे म्हणून जुन्या लग्नपत्रिका कापून घेतल्या. पाठची बाजू कोरीच असते, आणि मराठी कुटुंबात ह्या मालाचा तुटवडा कधीच पडत नाही. एका बाजूला शब्द. दुसरीकडे अर्थ, त्याचा एक नातलग आणि जोडीदारासह एक वाक्य. पहिला कप्पा रोज पाहावा, दुसरा दोन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, चौथा पंधरवड्याने, पाचवा महिन्याने. आठवला तर कार्ड पुढच्या कप्प्यात. विसरला तर पुन्हा पहिल्यात, नापास मुलासारखे, पण छडीशिवाय.

रोज तीनच शब्द घ्यावेत. सणवार, पाहुणेरावळे, आजारपण वजा जाता वर्षाचे तीनशे दिवस धरले, तरी नऊशे शब्द होतात. आणि त्यांतला प्रत्येक शब्द आठवड्याच्या आत एकदा तरी पत्रात, संभाषणात, निदान मोबाइलवरच्या निरोपात वापरावा. न वापरलेला शब्द माळ्यावरच्या पितळी भांड्यासारखा. आपलाच असतो, पण काळा पडतो.

शेवटी अर्जाचे काय झाले?

त्या दुपारी आम्ही अर्जातले एकवीस भारी शब्द खोडले. गुरुजींविषयीचे वाक्य तिने पुन्हा लिहिले. अगदी तळमजल्यावरच्या शब्दांत. माझ्या शिक्षकांनी माझी फी भरली आणि ती परत घेतली नाही. बस्स, एवढेच. वाचताना माझाच घसा दाटून आला. कोणताही लॅटिन शब्द ते काम करू शकला नसता.

पहिल्या यादीत तिचे नाव नव्हते. तो पंधरवडा तिच्या घरी कसा गेला असेल, हे मी विचारले नाही. दुसऱ्या यादीत नाव आले. मुलाखतीत तिला एका शब्दाचा अर्थ कळला नव्हता. तिने सरळ सांगितले, "हा शब्द मला ठाऊक नाही, पण ह्याच्या पोटात 'दन्त' दिसतो आहे." समोरचे प्राध्यापक हसले म्हणे, पण ते निराळे हसणे असावे.

आता ती वसतिगृहातून पत्र पाठविते, मराठीत. गेल्या पत्रात लिहिले होते, "सर, इंग्रजीत 'मंगूस' म्हणतात ते आपलेच मुंगूस आहे, हे इथे कोणालाच माहीत नव्हते. मी सांगितले." आपली भाषा केवळ घेणारी नाही, देणारीही आहे, हे तिला माझ्या मदतीशिवाय कळले.

आणि मी? मागच्या महिन्यात आमच्याकडे परगावचे पाहुणे आले. त्यांचा परिचय करून देण्यास मी उभा राहिलो, आणि बऱ्याच वर्षांनी इंग्रजीतून बोललो. शब्द साधे होते. कोणी हसले नाही. घरी आल्यावर सौभाग्यवतींना हे सांगितले, तेव्हा त्यांनी पेटीतले एक कार्ड उचलले आणि मला विचारले, "बरं, ऑफिशस म्हणजे काय?"

ते कार्ड पाचव्या कप्प्यात होते.